सासरचं की माहेरचं?

नाशिकमधल्या गंगापूर रोडवरच्या एका घरात आम्ही दहा-बाराजण महिन्यातून एकदा जमतो आणि एका पुस्तकावर बोलतो. गेल्या खेपेला एक कादंबरी होती. एकाच घरातल्या चार पिढ्यांच्या बायका, पणजीपासून पणतीपर्यंत. कादंबरीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण माझं भांडण तिच्याशी नसून त्या दिवशी तिच्यावरून जो वाद झाला त्याच्याशी आहे. एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, "वाचनीय आहे, नाही असं नाही. पण शेवटी काय, चूल, बाळंतपण आणि हळदीकुंकू. यात समाज कुठे आहे?" समोर बसलेली तिशीतली मुलगी उसळली. "काका, तुम्हाला ते कळणारच नाही. त्यासाठी बाईच्या जन्माला यावं लागतं." पुढचा तासभर याच दोन वाक्यांची उलटीसुलटी आवर्तनं झाली. प्राध्यापकांच्या बाजूने 'वैश्विक आशय' आला, मुलीच्या बाजूने 'बाईचं भावविश्व' आलं, चहा गार झाला आणि कादंबरी तशीच टेबलावर पडून राहिली.

मला वाटतं, दोघंही चुकले आणि गंमत म्हणजे एकाच जागी चुकले. अशी कादंबरी बायकांच्या भावनांविषयी असते, हे दोघांनीही न तपासता धरून चाललं होतं. भावनांविषयी म्हणून एकाला ती लहान वाटली, दुसरीला तेवढ्याचसाठी थोर. माझं म्हणणं असं की पिढ्यान्‌पिढ्यांची बायकांची कादंबरी मुळात वारसाहक्काची कादंबरी असते. कुणाला काय मिळालं, कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेलं, कुणाचं नाव कुठल्या कागदावर चढलंच नाही, याचा तो हिशेब आहे. हा हिशेब जी कादंबरी मांडत नाही ती कच्ची, मग तिने वाचकाला कितीही रडवलेलं असो. जी मांडते, तिच्यात 'समाज कुठे आहे' हे विचारणाऱ्याने पुस्तक नीट वाचलेलं नाही.

हे मला पुस्तकातून सुचलेलं नाही. मागच्या पितृपक्षात आम्ही तिघं भाऊ रामकुंडावर बसलो होतो. भाद्रपदातली गर्दी, पायाखाली चिखल, सिंहस्थाच्या कामांची खोदाखोद, आणि गुरुजी घाईत. पिता, पितामह, प्रपितामह ही नावं धाकट्याने धडाधड सांगितली. त्याच्याही मागची दोन आम्हाला पाठ आहेत. मग गुरुजी म्हणाले, "आता मातृवर्ग. आई?" सांगितलं. "आजी?" सांगितलं. "पणजी?" तिघंही गप्प. एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय. पणजोबांनी विहीर कुठल्या साली खणली, ते कुणाशी भांडले, त्यांचा बैल कितीला गेला हे आम्हाला ठाऊक. त्यांच्या बायकोचं नाव ठाऊक नाही. मागे पायरीवर आमची आत्या बसली होती. ती म्हणाली, "सासरचं सांगू का माहेरचं?" गुरुजी क्षणभर थबकले. "सासरचं सांगा, तेच चालतं."

तेच चालतं. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या वह्या आहेत. पिढ्यान्‌पिढ्या कोण कधी आलं, कुणाचा मुलगा, कुठल्या गावचा, सगळं लिहिलेलं. कोर्टकचेरीत नाव पुसलं जाईल, या वहीत नाही, असा आपल्याकडे लौकिक. मला त्या वह्यांविषयी आदर आहे, कारण दुष्काळात आणि पुरात गाव सोडलेल्या माणसाला 'तू अमक्याचा' हे सांगणारी दुसरी जागा नव्हती. पण ती वही बापाकडून मुलाकडे चालते. बाई तिच्यात येते ती कुणाची तरी बायको किंवा आई म्हणून. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहिलं, की जुन्या नावाची मुलगी तिथेच संपली आणि या नावाची सून सुरू झाली. एकाच माणसाची दोन अर्धी आयुष्यं दोन वेगवेगळ्या वह्यांत, आणि मधला सांधा कुठेच नोंदवलेला नाही. तो सांधा आत्याच्या डोक्यात होता. आत्या आता एक्याऐंशी वर्षांची आहे.

ब्राह्मण घराण्यांत 'कुलवृत्तांत' छापायची पद्धत आहे, त्यांचीही तीच गत. मी दोन-तीन जुने कुलवृत्तांत चाळले आहेत. मुलगा असेल तर त्याचं शिक्षण, नोकरी, स्वभाव, मग त्याची मुलं, त्यांची मुलं. मुलगी असेल तर नाव, सासरचं नाव, गाव, पूर्णविराम. तिची रेघ तिथे तुटते. २०२३नंतर कुणबी नोंदी शोधायची लाट आली, तेव्हा निफाडपासून मालेगावपर्यंत घरोघर वंशावळी काढल्या गेल्या, मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. आरक्षणाचा वाद मला इथे ओढायचा नाही. एवढंच सांगतो, त्या वंशावळीही बापाच्याच रेघेने वर चढत होत्या. आईच्या माहेरी कितीही कागद सापडले तरी त्यांचा उपयोग होतो का, यावर लोक तहसीलच्या आवारात वाद घालत होते. चार पिढ्यांच्या बायका एका रेघेत मांडणारी कादंबरी नेमकी हीच बंद वाट उघडते. आईची आई, तिची आई, अशी वंशावळ आपल्याकडे कुठल्याच दफ्तरात नाही. मग ती एखाद्या लेखिकेने कल्पनेने काढली तर तिला घरगुती म्हणायचं की धाडसी?

आता विरोधकांचं जे खरं आहे ते मान्य करायला हवं, आणि ते थोडं नाही. या प्रकारातल्या बऱ्याच कादंबऱ्या एका ठरलेल्या जिन्यावरून चढतात. पणजी सोसते, आजी कुरकुरते, आई नोकरी करते आणि मुलगी घटस्फोट घेते किंवा कॅलिफोर्नियाला जाते. शेवटी मुलगी जुनी ट्रंक उघडते, तिच्यात पणजीची नऊवारी किंवा एखादं पत्र सापडतं, डोळे भरून येतात, समाप्त. दुसरा दोष गतरम्यतेचा. वाडा, पितळी डबे, चुलीवरचं पिठलं, अंगणातला पारिजातक. वाचताना वास येतो, पण ती पितळी भांडी चिंच लावून कोण घासत होतं हे चारशे पानांत विचारलेलं नसतं. तिसरा दोष मालिकांचा. सासू, सून, गैरसमज, दर तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी कुणीतरी दारात उभं. हे सगळं खरं आहे आणि प्राध्यापकांना कंटाळा आला असेल तर मी त्यांना दोष देणार नाही.

पण हे दोष कुणाचे? एखाद्या घराण्यातल्या तीन पिढ्यांच्या पुरुषांवर, त्यांच्या जमिनी, गिरण्या, निवडणुका आणि दारू यांवर कुणी जाडजूड ग्रंथ लिहिला आणि तो फसला, तर आपण म्हणतो अमक्याची महाकादंबरी फसली. बायकांच्या पिढ्यांवरची फसली, की म्हणतो हा प्रकारच असा. एक लेखकाचं अपयश आणि दुसरं अख्ख्या साहित्यप्रकाराचं, हा न्याय कुठला?

'चुली'च्या आक्षेपाचं उत्तर तर नाशिकातच आहे. १९३३च्या फेब्रुवारीत इथल्या तुरुंगात साने गुरुजींनी अवघ्या काही दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढली. त्या पुस्तकात काय आहे? चूल आहे, फुलं आहेत, आंघोळ आहे, कर्ज आहे, आजारपण आहे, गरिबीतला सण आहे. माजघराबाहेर ते पुस्तक फार कमी वेळा जातं. गेल्या नव्वद वर्षांत त्याला कुणी 'स्वयंपाकघरातलं साहित्य' म्हटल्याचं माझ्या कानावर नाही. आपण त्याला संस्कार म्हणतो. म्हणजे चुलीची अडचण नाही. चुलीपाशी बसलेली आई मुलाला आठवत असेल तर ते राष्ट्राचं पुस्तक होतं आणि तीच आई तिच्या मुलीला आठवत असेल तर ते बायकांचं पुस्तक होतं. श्यामची आई तिच्या मुलीला कशी आठवली असती, हा प्रश्न विचारणं म्हणजे साने गुरुजींचा अपमान करणं नव्हे. माझ्या मते त्यांना तो प्रश्न आवडला असता, ओव्या गोळा करणारा माणूस तो.

आणि समाज, इतिहास म्हणाल, तर तो माजघरात येतो कसा हे बघायला लक्ष्मीबाई टिळकांकडे जावं. जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा, आत्मचरित्राचे चार भाग १९३४ ते १९३७ या काळात प्रसिद्ध झाले. त्याची सुरुवातच १८५७ने होते. बंडाच्या धामधुमीत आजोबांना फाशी झाली, आणि त्या धक्क्याने वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचं खूळ शिरलं ते कायमचं. घरातल्या बायकामुलांचं सगळं आयुष्य त्या सोवळ्याखाली भरडलं गेलं. इतिहासाच्या पुस्तकात १८५७ म्हणजे मेरठ, झाशी, कानपूर. जलालपूरच्या त्या घरात १८५७ म्हणजे धुणं. दिवसभर, वर्षानुवर्षं, सगळं धुऊन घेणं. साम्राज्याने दिलेली फाशी एका लहान मुलीच्या हातावर कशी उतरते हे यापेक्षा नेमकं कुणी लिहिलं आहे? ते आत्मचरित्र आहे, कादंबरी नाही, हे मला माहीत आहे. पण पिढ्यांची कादंबरी जे करू पाहते त्याचा तो वस्तुपाठ आहे.

खरं तर मराठी कादंबरीने या विषयाला नाक मुरडणं म्हणजे लेकीने माहेर नाकारण्यासारखं आहे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचा मान आहे ती बाबा पदमनजींची, १८५७ सालची, आणि तिचा विषय विधवांचे हाल. हरिभाऊ आपट्यांनी १८९०च्या सुमारास एक अख्खी कादंबरी एका बाईच्या तोंडून सांगितली आणि पुरुषांनीच ती आठवड्याआठवड्याला वाट बघून वाचली. म्हणजे या भाषेत कादंबरी जन्मली तीच माजघरात. बाहेर अंगणात आल्यावर मात्र तिला आपला जन्म सांगायची लाज वाटू लागली. २०२५ सालापर्यंत अठ्ठ्याण्णव साहित्य संमेलनं झाली. त्यांत अध्यक्ष झालेल्या बायका सहा. कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे, तारा भवाळकर. नावं एका दमात संपतात.

आता त्या जिन्याकडे येतो. प्रत्येक पिढी एक पायरी वर, हे चित्र खोटं आहे, आणि चांगली कादंबरी ते खोटं पाडते म्हणूनच ती हवी. माझं गाव निफाड तालुक्यातलं. माझी आजी शेतात राबायची, भाजीची पाटी घेऊन आठवडी बाजाराला जायची, आणि परतताना कनवटीला स्वतःचे पैसे असायचे. किती आणि कशाचे, हे विचारायची हिंमत आजोबांना नव्हती. मग कालव्याचं पाणी, मग द्राक्षं, मग निर्यात. बागेत पैसा आला तशा घरच्या बायका बागेतून घरात गेल्या. आता थिनिंगला (घडातले मणी विरळ करायला) आणि डिपिंगला (घड औषधात बुडवायला) पेठ-सुरगाण्याकडच्या बायका येतात, मुकादम घेऊन येतो, आणि घरची सून बंगल्यात चहा करून गड्याच्या हाती पाठवते. 'आमच्या सुनेला बागेत पाऊल टाकावं लागत नाही,' हे लग्न जमवताना अभिमानाने सांगतात. ती सून पदवीधर आहे, गाडी चालवते, तिच्याकडे महागडा फोन आहे. तिच्या कनवटीला मात्र काही नाही, पाचशे रुपये हवे असले तरी कारण सांगावं लागतं. सांगा, आजीपासून सुनेपर्यंत ही पायरी वर गेली की खाली? त्या सुनेला विचाराल तर ती आजीचं आयुष्य घ्यायला तयार होणार नाही, हेही तितकंच खरं. उन्हातान्हात राबून, नऊ बाळंतपणं काढून, चाळिशीत म्हातारं होणं कुणाला हवंय? पुढे जाणं आणि मागे जाणं एकाच घरात, एकाच दिवशी, एकाच बाईच्या बाबतीत घडतं. आकडेवारीच्या तक्त्यात हे बसवता येत नाही.

अनेक पिढ्याच कशाला हव्यात, एका बाईवर लिहा की, असं कुणी म्हणेल. इथे मला वाटतं या प्रकाराची खरी गरज आहे आणि ती कायद्याकडे पाहिलं की कळते. १९५६ साली हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाची वारस मानलं, पण वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने सहहिस्सेदार मानलं नाही. महाराष्ट्राने १९९४ साली तो हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या लेकींना वगळून. केंद्राने ९ सप्टेंबर २००५ला तो सगळ्यांना दिला. त्यावरही खटले चालले आणि ऑगस्ट २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हक्क जन्माचा आहे, कायदा आला तेव्हा बाप हयात होता की नव्हता याच्याशी त्याचा संबंध नाही. चौसष्ट वर्षं झाली. म्हणजे चार पिढ्यांच्या कादंबरीत प्रत्येक बाई वेगळ्या कायद्याखाली जन्मते आणि वेगळ्या कायद्याखाली मरते. पणजीला फक्त पोटगी, आजीला कागदावर वाटा, आईचं लग्न १९९३च्या मे महिन्यात झालं म्हणून एका वर्षाने हुकला, नातीला सगळं. आता या कथानकाला 'घरगुती' म्हणा.

पण कायद्याच्या पलीकडे एक कागद असतो. त्याचं नाव हक्कसोडपत्र. बाप गेल्यावर वारस नोंद होते, फेरफारात बहिणींची नावं लागतात आणि मग भाऊ त्यांना तालुक्याला घेऊन जातो. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सही-अंगठा होतो. बाहेर येऊन हॉटेलात जेवण, नवी साडी, आणि बहीण गावी परत. यात खलनायक नसतो, हे नीट समजून घ्यायला हवं. भाऊ वाईट नसतो, बहीण भोळी नसते. तिला पक्कं ठाऊक असतं ती काय सोडते आहे. ती त्या बदल्यात माहेर विकत घेते: दिवाळीला भाऊबीज, बाळंतपणाला दोन महिने, नवऱ्याने हात उगारला तर परत यायला एक दार. आणि या सौद्याचा हिशेब ती स्वतः क्वचित चुकवते. तो तिच्या मुलीला चुकवावा लागतो, कधी नातीला. वीस वर्षांनी तो भाऊ मरतो, भाचे दार अर्धंच उघडतात, ज्या जमिनीवरून रस्ता जाणार तिचा मोबदला येतो आणि तेव्हा कुठे १९९६ साली केलेल्या सहीचा अर्थ २०१६ साली कळतो. पंचवीस पानांच्या कथेत सही दाखवता येईल. तिची किंमत दाखवायला तीन पिढ्या लागतात. बायकांचे निर्णय त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात पिकत नाहीत, पुढच्या पिढीत पिकतात, म्हणून ही कादंबरी लांब असते. पाल्हाळ म्हणून जिला नावं ठेवतात ती लांबी पुष्कळदा या कारणाने आलेली असते. (पुष्कळदा म्हणतोय. नुसतं पाल्हाळही असतंच.)

आता सगळ्यात जड आक्षेप. तो प्राध्यापकांनी घेतला नाही, खरं तर त्यांनी घ्यायला हवा होता. घराण्याच्या चार पिढ्या सांगायला आधी घराणं लागतं. वाडा लागतो, ट्रंक लागते, पत्रं लिहिणारी आजी लागते. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं, ज्यांची नावं कुठल्या वहीत आलीच नाहीत, त्यांना पणजीपर्यंत पोचायचं कसं? म्हणून या कादंबऱ्या बहुतेक करून सवर्ण वाड्यांच्याच निघतात, आणि त्या वाड्यातली सोसणारी बाई स्वतः कुणाला अंगणाबाहेर उभं करून वरून पाणी ओतत होती, हे पान गाळलेलं असतं. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण त्यातून 'म्हणून हा प्रकार सोडा' असा निष्कर्ष मी काढणार नाही. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांचं नाव आपण आदराने घेतो. त्या सत्याग्रहात बायकाही होत्या. त्यांची नावं घ्या बरं. चळवळीतल्या बायकांची नावं गोळा करायला ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना म्हाताऱ्या बायकांच्या दारोदार फिरावं लागलं, तेव्हा कुठे १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक उभं राहिलं. माझ्या आत्याच्या डोक्यात होतं तसंच तेही डोक्यांत साठलेलं होतं. पवारांच्या 'आयदान'मध्ये आई बांबूच्या टोपल्या विणत बसलेली आहे आणि मुलगी लेखणी चालवते आहे, आणि ती दोन्ही कामं एकच आहेत असं लेखिकेला वाटतं. दलित बायकांच्या आत्मकथनांनी घराणं, वाडा, ट्रंक यांतलं काही नसताना पिढ्या सांगून दाखवल्या. कादंबरी त्यांच्या मागे रेंगाळली आहे. हा कादंबरीचा कमीपणा, आणि तो भरून काढायचा तर ती लिहावी लागेल. येवल्यात मागावर बसणाऱ्याचं नाव पैठणीबरोबर सांगतात, कांड्या भरून देणारीचं सांगत नाहीत. तिच्या चार पिढ्या अजून कुणी लिहिलेल्या नाहीत, निदान माझ्या वाचनात नाहीत.

आणि त्या तिशीतल्या मुलीलाही दोन शब्द सांगायचे आहेत, कारण तिची बाजू घेणारे माझ्या मते या कादंबरीचं जास्त नुकसान करतात. 'बाईच्या जन्माला आल्याशिवाय कळत नाही' हे खरं असेल तर कादंबरी फसली असं म्हणावं लागेल. कळवण्यासाठीच तर ती लिहिली. वाचनालयात गेलं की बायका ही पुस्तकं नेतात आणि पुरुष चरित्रं नेतात, हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. 'खास महिला वाचकांसाठी' म्हणून ती वेगळी ठेवली की पुरुषांची सुटका होते. वास्तविक या हिशेबात ज्याच्याकडे येणं निघतं त्याने तो वाचायला नको का? सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याने? १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आता वडिलांच्या नावाआधी आईचं नाव लागतं. चांगली गोष्ट आहे. ती मुलं पंचविशीची होतील तेव्हा त्यांना आईचं नाव पाठ असेल, आणि आजीच्या नावाला ती अडतील.

१९८६च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं. आमच्या गावाहूनही ट्रॉल्या भरून बायका गेल्या होत्या. पुढे शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, नवऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमीन करून द्यायची. काही गावांत शंभरावर नवऱ्यांनी करूनही दिली. आमची आत्या चांदवडला गेली होती, हे मला त्या रामकुंडाच्या दिवशी कळलं. परत येताना गाडीत ती सांगत होती, केवढा मांडव, केवढी गर्दी, रात्री भाकरी-पिठलं. मी हिशेब केला. आजोबा गेले १९८७ साली. त्याच वर्षी तिने हक्कसोडपत्रावर सही केली. त्या जमिनीत आज आम्हा तिघा भावांची बाग उभी आहे.

मी विचारलं, "आत्या, चांदवडला जाऊन आलीस आणि वर्षाच्या आत सही कशी केलीस?"

ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "तुझा बाप घ्यायला आला होता ना. एवढ्या लांबून." मग थोड्या वेळाने, "हिरवी साडी घेतली होती त्याने. काठाला आंबा होता. अजून आहे."

गट नंबर मला पाठ आहे, क्षेत्र आरापर्यंत पाठ आहे. साडीचं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. घरी पोचल्यावर पणजीचं माहेरचं नाव तिच्याकडून लिहून घेतलं. ते कुठल्या वहीत घालायचं हे अजून ठरत नाही.